बंद करायचं, पुसायचं नाही

महाडच्या त्या शिक्षण संस्थेत कुणाचं लॉगिन बंद करायचं असलं, की संजीवनी आधी चपला पायात घालते. कॉम्प्युटरला हात नंतर. ज्याचं लॉगिन जाणार आहे तो माणूस जिथे असेल तिथे ती जाते, वर्गात असला तर तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभी राहते आणि सांगते, "सर, उद्या संध्याकाळी सहाला तुमचं बंद करतेय. काय काढून घ्यायचं ते घ्या." मग परत येऊन आपल्या खुर्चीत बसते. निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांपासून अर्ध्यात कॉलेज सोडणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांना एकच नेम. ऑफिसातले लोक हसतात. एका फोनचं काम, बाई पायपीट करून करते. कुणी कारण विचारलं तर म्हणते, सवय आहे.

सवयीला कारण असतं, पण ते ऑफिसात सांगण्यासारखं नव्हतं.

संस्थेचं नाव इथे घेत नाही. शाळा, कॉलेज, आयटीआय आणि दोन वसतिगृहं, एवढा पसारा. संजीवनी तिथे २०१४ साली लॅब असिस्टंट म्हणून लागली तेव्हा प्रत्येक खोलीतल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड वेगळा, ग्रंथालयाचा वेगळा, वायफायचा तर फळ्यावर खडूने लिहिलेला. संस्थेला दुकानातून सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नव्हतं. फुकट काही मिळत असेल तर बघा, असं वरून सांगणं आलं. तिने बघितलं. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणालाही वापरायला मोकळा असलेला एक डिरेक्टरी सर्व्हर तिला सापडला. त्याचं काम समजायला सोपं आहे. संस्थेतल्या सगळ्या माणसांची एकच वही. कॉम्प्युटर असो, ग्रंथालय असो की हजेरीचं अंगठ्याचं मशीन, दारात आलेला माणूस आपला आहे का आणि त्याला काय काय करू द्यायचं, हे प्रत्येक जण त्या वहीला विचारतो. वही हो म्हणाली की दार उघडतं.

समजायला सोपं, बसवायला नाही. बसवण्याचं पुस्तक इंग्रजीत, चारशे पानांचं. तिचं शिक्षण पोलादपूरला, इंग्रजीचं आणि तिचं फारसं जमलेलं नव्हतं. आठवडाभर एकच चूक होत राहिली तेव्हा तिने त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर कसंबसं पत्र लिहिलं. कुठल्याशा देशातल्या माणसाने एका ओळीत उत्तर पाठवलं, लॉग वाचा. तिला राग आला, मग तिने लॉग, म्हणजे मशीन आपल्या कामाची ठेवतं ती रोजनिशी, वाचला आणि चूक सापडली. तेव्हापासून ती लॉगवर माणसांपेक्षा जास्त विश्वास ठेवते. त्या वहीत प्रत्येक नोंदीला एक तारीख सर्व्हर आपणहून लावतो, ही नोंद कधी झाली आणि कुणी केली याची. ती हाताने भरायची नसते. पुस्तकातलं ते पान तिने दोनदा वाचलं आणि त्याच्या कडेला पेन्सिलने रेघ मारली.

आता त्या पायपिटीचं कारण.

तिची वाडी पोलादपूरच्या डोंगरात. उमरठच्या रस्त्याने एसटीने जायचं, फाट्यावर उतरायचं आणि तासभर चढायचं. वीस-बावीस घरं, म्हशी, शेळ्या, उतारावर नाचणी-वरी. वाडीचंही नाव घेत नाही, कारण आता तिच्या वेशीवर तंटामुक्त गावाचा फलक आहे आणि तो उगाच कशाला पाडा. संजीवनी नऊ वर्षांची होती तेव्हा गावकीने ठरवलं की फाट्यापर्यंतची वाट सगळ्यांनी मिळून करायची, घरटी एक माणूस. ठरल्या दिवशी तिचा बाप नाथू गेला नाही. त्याची म्हैस आडली होती. पारडू आडवं आलेलं, तो दिवसभर गोठ्यात होता. गावकीने त्याला देवळाच्या पायरीवर माफी मागायला सांगितली. नाथू म्हणाला, "देवाची मागतो. म्हशीचीबी मागतो, तिनं लय सोसलंन. तुमची कशापायी मागू?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याशी कोणी बोलेना. वाळीत टाकलं असं कोणी म्हणालं नाही, तसं कोणी म्हणतही नाही. बैठकीचं बोलावणं करायला वाडीत एक माणूस ठरलेला होता, श्रीपत. तेव्हा पंचविशीचा असेल. हातातली काठी वाटेच्या दगडांवर आपटत यायचा आणि प्रत्येक अंगणापुढे थांबून हाक घालायचा, "घरात हाय का? सांजच्याला देवळात बैठक हाय." नाथूचं घर वाटेच्या वळणावर. त्या वळणाशी आलं की श्रीपत काठी काखेत घेई. मग काठीचा आवाज नाही, हाक नाही, नुसती माणूस चालल्याची चाहूल. पुढच्या घरापाशी काठी पुन्हा सुरू. संजीवनीची आई धोंडूबाई हातातलं काम तसंच ठेवून ऐकत राही. चाहूल पुढे गेली की पुन्हा कामाला लागे. शिमग्यात पालखीही तशीच वळणावरून पुढे जाई, पण पालखी वर्षातून एकदा. श्रीपत महिन्यातून दोनदा जायचा.

नाथू एकदा पोलादपूरच्या ठाण्यात गेला. हवालदार वाडीत आला, सगळ्यांना देवळापुढे जमवलं. गावकीचे म्होरके म्हणाले, "कोण बोलत नाय? बोलतो की! काय नाथू, बरा हायस ना? वाळीत टाकलाय म्हंतोस, तर लिवलंय कुठं, दाखव." लिहिलेलं कुठेच नव्हतं. हवालदाराने चहा घेतला आणि गेला.

असं सात वर्षं चाललं. मग नळपाणी योजना आली आणि तिच्या अर्जावर सगळ्या घरांच्या सह्या हव्या होत्या. एका सकाळी काठी वळणावर थांबली नाही, अंगणापर्यंत वाजत आली. "नाथूदा, घरात हाय का?" नाथूने खुंटीवरचा सदरा घातला आणि गेला, सही करून आला. सुरू का झालं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, संपलं कसं हे कोणी बोललं नाही. नाथू तर या विषयावर त्यानंतर एक शब्द बोलला नाही. संजीवनीला वाटायचं, तो विसरला. तिला याचा रागही यायचा.

२०१६च्या जूनमध्ये, तिचा सर्व्हर नुकता चालू झाला तेव्हा, वसतिगृहावर नवा शिपाई म्हणून श्रीपत येऊन उभा राहिला. कंत्राटी नेमणूक, काखेत पिशवी, काठी नव्हती. त्याची नोंद तिनेच केली. नाव, गाव, कामाची जागा, अंगठा. "अंगठा नीट टेका," एवढंच बोलली. पुढची आठ वर्षं दोघं एका आवारात होती. आवारात तो तिला मॅडम म्हणे, वाडीत भेटली तर संजू. ती दोन्हीकडे श्रीपतदा म्हणे. २०२१च्या जुलैत सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरायच्या आधी तळमजल्यावरचा सर्व्हर त्यानेच टॉवेलाची चुंबळ करून डोक्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेला, हंडा न्यावा तसा. ती मागून वायरी गोळा करत गेली. त्या दिवशीही दोघं त्या विषयावर बोलली नाहीत. काही माणसांमध्ये एखादी गोष्ट अशी राहते, घरात ठेवलेल्या जुन्या खाटेसारखी. तिला वळसा घालून वावरायची सवय होते.

यंदाच्या मे महिन्यात संस्थेत नवे प्रशासक आले, राजेंद्र सर. पुण्याचे, स्वच्छ बोलणारे, घड्याळ उजव्या हातात. एका शनिवारी सकाळी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि अकरा नावांची यादी पुढे ठेवली. वसतिगृह, साफसफाई, पहारा, सगळी कंत्राटी माणसं. सोमवारपासून ते काम बाहेरच्या एजन्सीकडे जाणार होतं.

"यांना सिस्टीममधून काढायचंय," सर म्हणाले.

"बंद करते सर. आज सांगून येते, संध्याकाळी सहाला बंद."

"बंद नाही, डिलीट. आणि सांगायची गरज नाही, सोमवारी गेटवर कळेलच. जुनं काही राहायला नको."

संजीवनीला ते समजायला वेळ लागला नाही. हजेरीच्या मशीनमधला प्रत्येक दिवस त्या वहीतल्या नोंदीला बांधलेला आहे. नोंद बंद केली तर माणसाला दार उघडत नाही, पण मागचे दिवस राहतात. नोंद पुसली तर दिवसही कुणाचे म्हणून राहत नाहीत. उद्या यातला कोणी कामगार कार्यालयात गेला, आठ वर्षं सलग काम केलं म्हणाला, तर संस्था शांतपणे म्हणू शकत होती, कोण हा? लिहिलंय कुठे?

"मला तसा मेल कराल का सर?" तिने विचारलं.

"मेल कशाला? सांगतोय ना मी."

ती खाली आली. तिची स्वतःची नेमणूकही दरवर्षी नव्याने व्हायची आणि यंदाची सही याच सरांची व्हायची होती. तरी पहिल्या दहांबद्दल तिला फार विचार करावा लागला नाही. कामावरून काढणं हा संस्थेचा अधिकार असेल, पण काम केलंच नाही असं करून टाकणं हा कुणाचाच नाही. तिने दहा नोंदी संध्याकाळी सहाला बंद होतील अशा लावल्या. प्रत्येकीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, प्रशासकांच्या तोंडी सूचनेवरून बंद, आणि तारीख. प्रत्येकाची नोंद नि हजेरी छापून काढली. मग चपला घातल्या आणि दुपारभर फिरून दहाही माणसांना गाठलं. स्वयंपाकघरात, गेटवर, एकाला दस्तुरी नाक्याच्या रिक्षा स्टँडवर. ज्याचा कागद त्याच्या हातात दिला आणि कामगार कार्यालयाचा पत्ता सांगितला.

अकरावा श्रीपत. तो सुट्टी काढून वाडीला गेला होता, पावसाआधी कौलं परतायला. वाडीत फोन लागत नाही.

चार वाजता ती परत खुर्चीवर बसली आणि श्रीपतचा छापलेला कागद तिने ड्रॉवरमध्ये ठेवला. मग पडद्यावर पुसायची आज्ञा लिहिली. एकच ओळ असते ती, शेवटी नाव. बोट एंटरवर ठेवून ती बसून राहिली. कळू दे ह्याला सोमवारी, तिला वाटलं. उभा राहू दे मशीनपुढे अंगठा टेकत. दार उघडत नाही म्हणजे काय ते ह्यालाही कळू दे. आणि हे वाटताना तिला बरं वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. ती काही संतीण नव्हती. नवव्या वर्षी पोटात बसलेली गोष्ट बत्तिसाव्या वर्षी तिथेच सापडली, इतकंच.

चहा आला, तो पिऊन झाला, तरी एंटर दाबला गेला नाही. दया आली म्हणून नाही. पुराच्या दिवशीची चुंबळ आठवली म्हणूनही नाही. तिच्या ध्यानात आलं की हे कोणालाच कळणार नाही. सर म्हणतील, मी कुठे काय लिहून दिलंय. ती म्हणेल, सरांनी सांगितलं. श्रीपत विचारत फिरेल आणि जो तो म्हणेल, कुणी काढलंय तुला? वाडीतल्या सगळ्या प्रकारात तिला ज्याची सगळ्यात जास्त चीड होती, ते हेच होतं. आणि आता ती स्वतः काठी काखेत घेऊन वळणावर उभी होती. तिने ती ओळ खोडली, श्रीपतची नोंद बाकीच्यांसारखीच बंद करायला लावली, शेरा लिहिला आणि ड्रॉवरमधला कागद पर्समध्ये टाकला.

रविवारी सकाळच्या एसटीने ती फाट्यावर उतरली आणि वाडी चढली. आपल्या घरी न थांबता पुढे गेली. श्रीपत छपरावर बसून कौलं परतत होता, त्याची बायको चंपाबाई खालून एकेक कौल देत होती. संजीवनी अंगणापुढे थांबली.

"श्रीपतदा, घरात हाय का?"

तो वर होता हे तिला दिसत होतं. तरी तोंडून तेच आलं. छपरावरचा हात थांबला.

"संजू? काय गो, आज कशी काय?"

"खाली ये. सांगायचंय."

तो खाली आला, हात झटकले. तिने जे होतं ते सांगितलं, आडवळण न घेता. उद्यापासून काम नाही. एजन्सी येतेय. गेटवर अंगठा लागणार नाही. चंपाबाई हातातलं कौल ठेवून पायरीवर बसली. श्रीपत एक पाऊल पुढे आला.

"म्हंजी माझं नाव काढलंन?"

"काढलं नाय. पुसायला सांगितलं व्हतं, मी बंद केलंय. हे बघ." तिने कागद उलगडला. "ही तुझी नोंद, सोळा सालच्या जूनची. ही तारीख मशीन लावतं, आपल्याला फिरवता येत नाय. आन् ही हजेरी, आठ वर्सांची. एक दिवस कमी नाय. हे घेऊन कामगार हापिसात जायचं."

श्रीपतने कागद हातात घेतला. त्याला वाचता येत होतं, सावकाश. तो पहिल्या पानावरून खाली खाली गेला. चंपाबाईने उठून पाणी आणलं.

"हे सांगायला तू चढून आलीस?" तो म्हणाला.

"मी समद्यांना सांगते."

तो पुन्हा कागदाकडे बघू लागला. मग विचारलं, "हे समदं ध्यानात ठेवतं ते येंत्र?"

"ठेवतं."

"मी तुमच्या वळणावर काठी उचलून जायाचो. ते हाय का लिवलेलं?"

चंपाबाई म्हणाली, "अवो, आता ते कशाला?" त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"नाय," संजीवनी म्हणाली. "ते कुठंच नाय लिवलेलं."

"पेन हाय?"

तिने पर्समधून पेन काढलं. श्रीपतने कागद उलटा केला, पाठकोरा होता तो. पायरीवर ठेवून तो लिहू लागला. शाळेत चौथीपर्यंत गेलेला माणूस, एकेक अक्षर कौल बसवल्यासारखं बसवत होता. लिहिलं ते असं, नाथूच्या दारावरून मी सात वर्षं हाक न घालता गेलो. गावकीने सांगितलं म्हणून गेलो. माझं मला कळत होतं. खाली सही, तारीख. मग म्हणाला, "चल. तुझ्या बापाला देतो."

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकू, म्हणजे मध्ये लोंबकळायला नको. कामगार कार्यालयात अकराही जणांचे अर्ज दाखल झाले, श्रीपतच्या कागदाची पुढची बाजू झेरॉक्स काढून लावली. सुनावण्या चालू आहेत. राजेंद्र सरांनी संजीवनीला विचारलं, डिलीट का केलं नाही. ती म्हणाली, लेखी आलं की करते. लेखी अजून आलेलं नाही. तिची नेमणूक यंदा अकरा महिन्यांऐवजी सहाच महिन्यांची निघाली. ती अजूनही लॉगिन बंद करायच्या आधी चपला घालते.

त्या रविवारी नाथू पडवीत बसून दावं वळत होता. सत्तरी उलटलेला, कानाने थोडा कमी. वळणावरून दोघं येताना त्याने पाहिली. श्रीपत अंगणाच्या कडेला थांबला.

"नाथूदा, घरात हाय का?"

"हाय की. दिसत नाय व्हय तुला?"

श्रीपतने पुढे होऊन कागद दिला. नाथूने दावं मांडीवर ठेवलं, चष्मा लावला आणि कागद पुढे-मागे करत वाचला. धोंडूबाई आतून दारात येऊन उभी राहिली. संजीवनीला वाटलं, आता म्हातारा म्हणेल, जाऊ दे रे, झालं गेलं. आयुष्यभर तो गप्पच राहिला होता.

नाथूने चष्म्यावरून श्रीपतकडे पाहिलं आणि कागदावर बोट ठेवलं.

"हे चुकलंय," तो म्हणाला. "सात नाय. सात वर्सं आन् चार म्हयने."

श्रीपतने संजीवनीपुढे हात केला. तिने पेन दिलं. तो पडवीच्या पायरीवर बसला आणि सात वर्षांच्या पुढे, जागा नव्हती तरी बारीक अक्षरात, चार महिने लिहू लागला.